तोराजा : माणूस 'गेला' असं नक्की कधी म्हणायचं?

केतकीबन
बाबा फेब्रुवारीत गेले. पहाटे साडेपाचला. दुपारी बाराच्या आत आम्ही आंघोळी उरकून घरात बसलो होतो. दादा कॅनडातून निघाला तो तिसऱ्या दिवशी पोचला, थेट अस्थी घ्यायलाच. त्याला बाबा दिसले ते एका मडक्यात.

कुणाची चूक नाही, आपली रीतच तशी आहे. पण मला एक शब्द फार लागला. साडेपाचला जी माणसं "बाबांना उशी नीट द्या" म्हणत होती, तीच सहाला "बॉडी कुठे ठेवायची" विचारत होती. अर्ध्या तासात बाबांची बॉडी झाली.

त्या दिवसांत झोप लागायची नाही. रात्री काहीबाही वाचताना इंडोनेशियातल्या तोराजा लोकांबद्दल वाचनात आलं. त्यांच्याकडे माणसाचा श्वास थांबला तरी तो मेला असं म्हणत नाहीत, आजारी आहे असं म्हणतात. तो घरातच असतो. कधी काही महिने, कधी वर्षाहून जास्त. त्याला जेवण नेऊन देतात, त्याच्याशी बोलतात. मग सगळी भावंडं, नातेवाईक जमले, पैशांची जुळवाजुळव झाली की मोठा समारंभ करून निरोप देतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हेवा वाटला.

इथे कुणाला याबद्दल नीट माहिती आहे का? हे खरंच असं चालतं का, लोक मनापासून करतात का? आणि ज्यांच्या घरी असं असतं त्यांचं दुःख त्याने हलकं होतं का? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे.

मीठभाकर
केतकी, वाचून गलबलून आलं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

देवराई
केतकीताई, जमेल तसं लिहितो.

'तोराजा' हे नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नाही. सुलावेसी बेटाच्या सखल भागातले बुगी लोक त्यांना 'तो रिआजा' म्हणत, म्हणजे वरच्या अंगाची, डोंगरातली माणसं. कोकणातून आपण 'घाटावरचे' म्हणतो, अगदी तसंच. मुलूख दक्षिण सुलावेसी प्रांतात, रांतेपाओ आणि माकाले ही तिथली मुख्य गावं. जुन्या धर्माचं नाव 'आलुक तो दोलो', पूर्वजांची रीत. त्यात विधींचे दोन भाग पडतात. 'रांबू तुका' म्हणजे चढता धूर: सुगी, नव्या घराची वास्तुशांत, असे जगण्याचे विधी. ते उगवतीचे. 'रांबू सोलो' म्हणजे उतरता धूर: मरणाचे विधी. ते मावळतीचे. या दोन धुरांची सरमिसळ चालत नाही.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. श्वास थांबलेल्या माणसाला 'तो माकुला' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ अंग तापलेला माणूस, म्हणजे आजारी. समारंभात पहिला रेडा पडतो तेव्हा तो आजारी माणूस मेला असं मानतात. मग त्याचा आत्मा 'पुया'कडे, आत्म्यांच्या मुलखाकडे चालू लागतो. ती वाट लांबची आणि अवघड. रेडे त्याला तिथवर नेतात. रेडे कमी पडले तर आत्मा वाटेतच रखडतो आणि मागे राहिलेल्यांना त्रास होतो, अशी जुनी समजूत. आणि पुयाला सुखरूप पोचलेला पूर्वज घराकडे, शेताकडे लक्ष ठेवतो. म्हणजे हा निरोप मेलेल्यासाठी आहे तितकाच जिवंतांसाठीही आहे.

हरिपाठ
रेडा हे वाहन, पुया दक्षिणेला... हा तर सरळ यमलोक झाला! आणि इंडोनेशियाच्या सरकारदरबारी या लोकांचा धर्म हिंदू म्हणून नोंदलेला आहे असं वाचलंय. म्हणजे मुळात आपलेच की.

रोखठोक_नाना
केतकीताई, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून सहानुभूती. पण हेवा करण्यासारखं यात मला काही दिसत नाही. माणूस गेला म्हणून घरादाराने कर्ज काढायचं, जमिनी गहाण टाकायच्या, पोरांची शिक्षणं थांबवायची आणि डझनावारी जनावरं कापायची. आमच्या आजोबांच्या तेराव्याला आख्खं गाव जेवलं आणि ते कर्ज माझ्या वडिलांनी अकरा वर्षं फेडलं. मी ते घरात बसून बघितलंय. लांबून प्रथा सुंदर दिसतात. हप्ते जवळच्यांना भरावे लागतात.

खाणकामगार
हा धागा बघून राहवलं नाही. मी तीन वर्षं दक्षिण सुलावेसीत सोरोवाकोला होतो, मतानो सरोवराच्या काठी. तिथे निकेलची खाण आहे. माझ्या पाळीत निम्मे लोक तोराजा. त्यातल्या एकाने मला आजीच्या समारंभाला नेलं, एकदा आधी आणि एकदा प्रत्यक्ष. सविस्तर लिहितो, मोठं होईल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आजीला 'आजारी' पडून सात-आठ महिने झाले होते. पालोपोवरून घाट चढून गेलो. पहाटेचं धुकं, भातखाचरं आणि त्यातून वर आलेली ती घरं. तोंगकोनान म्हणतात त्या घराला. छत होडीसारखं, दोन्ही टोकं वर उचललेली, भिंतींवर लाल-काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या रंगात कोरीव नक्षी. घराचं तोंड उत्तरेला. समोर तशाच छताची छोटी भाताची कोठारं, आलांग. घराच्या दर्शनी खांबावर रेड्यांची शिंगं खालपासून वरपर्यंत एकावर एक लावलेली. त्या घरातून आजवर कोणाकोणाला कसा निरोप दिला, ते शिंगं मोजून कळतं.

मित्र मला आत घेऊन गेला. दक्षिणेकडच्या खोलीत पेटी होती, झाकण उघडं, वर जाळीचा पडदा. उशाशी छोटा दिवा, बशीत भात आणि मासा, कपात कॉफी. कॉफीतून वाफ येत होती. ती वाफ मी विसरलेलो नाही. कोणीतरी दहा मिनिटांपूर्वी ती करून आणली होती. मित्र वाकून म्हणाला, "आजी, भारतातून पाहुणे आलेत." मग माझ्याकडे बघितलं, मी बोलावं म्हणून. मी काय बोलणार! नमस्कार केला, नाव सांगितलं. शेजारच्या खोलीत पोरं टीव्ही बघत होती. एक चार-पाच वर्षांची मुलगी आत आली, पेटीच्या कडेला हात टेकवून काहीतरी बडबडली आणि पळाली. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

समारंभ त्यानंतर सहा महिन्यांनी झाला, चार दिवस. त्यासाठी बांबूची आणि लाकडाची तात्पुरती घरं बांधली होती, लांतांग म्हणतात. कुटुंबागणिक एकेक, त्यावर रंगाने आकडे घातलेले. समारंभ संपला की सगळी मोडतात. मधल्या पटांगणात उंच माचा, लाक्कियान, त्यावर पेटी. पाहुणे गटागटाने रांगेत येतात. पुढे डुकरं बांबूला बांधून खांद्यावर, मागे काळ्या कपड्यांतल्या बायका, कुणाकडे साखर, कुणाकडे सिगारेटची खोकी, कुणाकडे ताडी. आम्ही खाणीतले सगळे मिळून एक डुक्कर घेऊन गेलो. मंडपाच्या दाराशी एक माणूस जाड वही घेऊन बसला होता. कुणी काय आणलं, केवढं आणलं, सगळं लिहून घेत होता. मला एकदम आमच्या लग्नातला आहेराची वही धरून बसलेला मामा आठवला.

रेड्याबद्दल थोडक्यातच लिहितो. एक माणूस, एक लांब कोयता, गळ्यावर एकच घाव. रेडा दोरीला दोन-तीन हिसके देतो आणि बसतो. बारकी पोरं बांबूच्या नळ्या घेऊन रक्त धरायला धावतात. मी पहिल्यानंतर नजर खाली केली. मांस तिथल्या तिथे वाटलं जातं, आणि कुणाला कुठला वाटा ते मानाप्रमाणे ठरलेलं असतं. बांबूच्या पेरात पाला आणि मांस भरून विस्तवावर भाजतात, पापियोंग म्हणतात त्याला. सगळ्या गावाला पुरतं.

रात्री माबादोंग. वाद्य नाही, काही नाही. बाप्ये-बाया करंगळीत करंगळी अडकवून मोठं रिंगण धरतात आणि सावकाश डोलत गातात. आजीचा जन्म कुठे झाला, तिला काय काय भोगावं लागलं, तिने काय केलं, सगळं त्या गाण्यात. एक ओळ संपायला बराच वेळ लागतो. आमच्या कीर्तनातलं काहीच त्यात नव्हतं, तरी मला गावच्या देवळातली काकडआरती आठवली. मी रात्री दोनपर्यंत कठड्याला टेकून ऐकत होतो.

केतकीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर नंतर लिहितो. त्यावर घाईने लिहिणं बरं नाही.

मीठभाकर
कॉफीची वाफ. बास.

ओवी
छान लिहिलंय, पण रेड्यांचं वाचवत नाही. प्रेमाने निरोप द्यायचा तर दुसऱ्या जिवाचा बळी कशाला? मन तयारच होत नाही.

देवराई
ओवी, तुमचं वाटणं रास्त आहे. तोराजांमध्येही यावर बोलणारे आहेत, विशेषतः जनावरांची संख्या कुठवर जावी यावर. रेड्याकडून ते शेतीची कामं फारशी करून घेत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, चारतात, सांभाळतात ते याच दिवसासाठी.

हरिपाठ, तुमच्या मुद्द्यावर. नोंद झाली हे खरं, १९६९ साली. पण कारण समजून घ्या. इंडोनेशियात नागरिकाने सरकारमान्य धर्मांपैकी एखादा सांगणं भाग होतं, आणि आलुक तो दोलो त्या यादीत नव्हता. मग त्याला हिंदू धर्म या सदराखाली जागा मिळाली. बोर्निओतल्या दायाक लोकांच्या काहारिंगान धर्मालाही १९८० साली तशीच मिळाली. रीत तोराजांची स्वतःची आहे. दक्षिण आणि रेडा हे साम्य मलाही विलक्षण वाटतं, पण साम्यावरून नातं जोडायची घाई नको. शिवाय आज बहुतेक तोराजा ख्रिस्ती आहेत. १९०६ मध्ये डच फौज डोंगरात शिरली, १९१३ मध्ये मिशनरी आले. त्यांनी एक फरक केला. 'आलुक', म्हणजे धर्म, सोडायचा, आणि 'आदात', म्हणजे चालीरीती, पाळल्या तरी चालतील. अंत्यविधी त्या दुसऱ्या कप्प्यात बसला आणि टिकला.

खाणकामगार
बरोबर. आजीच्या समारंभात पाद्रीबाबांनी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी भजनं गायली आणि अर्ध्या तासाने त्याच पटांगणात रेडे आले. कुणाला त्यात काही खटकलं नाही.

हरिपाठ
देवराई, मान्य. मी 'आपलेच' म्हणून मोकळा झालो, ते घाईचं होतं. माहितीबद्दल आभार.

रोखठोक_नाना
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. खर्च किती? आणि तो फेडतं कोण?

खाणकामगार
नाना, आकडे सांगतो. रांतेपाओजवळ बोलूचा बाजार आहे, तिथे शेकड्याने रेडे असतात. साधा काळा रेडा दोन ते चार कोटी रुपिया, म्हणजे आपले अंदाजे एक-दोन लाख. पण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा असतो तो तेदोंग बोंगा. त्यातला सालेको जातीचा, निळसर डोळ्यांचा असला तर पन्नास कोटी रुपिया आणि त्याहूनही वर जातो. आपले पंचवीस-सव्वीस लाख. मोठ्या घराण्यातल्या माणसाला पूर्वापार किमान २४ रेडे लागतात. वर डुकरं, मंडप, चार दिवसांचं जेवण. कापलेल्या जनावरांवर सरकारी करही आहे.

फेडतात कसं? ती वही. तुम्ही माझ्या बापाच्या वेळी रेडा आणलात, तर तुमच्याकडे प्रसंग येईल तेव्हा मी त्याच तोलाचा रेडा आणणार. माझ्याने झालं नाही तर माझा मुलगा आणणार. त्यामुळे सगळं एका घराच्या डोक्यावर एकदम पडत नाही, पण कधी संपतही नाही. माझा मित्र पगारातले पैसे दर महिन्याला बाजूला ठेवायचा, फक्त यासाठी. १९७० नंतर तोराजा तरुण खाणीत, लाकूडकामात, शहरांत बाहेर पडले. ते पैसे गावाकडे येऊ लागले आणि समारंभ वाढत गेले. पूर्वी कुणी किती करायचं हे जन्माने ठरायचं. त्यांच्यात चार थर होते: सोनं, लोखंड, ताडाचं लाकूड आणि सगळ्यात खाली बोरू. खालच्याला वरच्यासारखा समारंभ करायची मुभाच नव्हती. आता पैसा असला की करता येतो.

रोखठोक_नाना
म्हणजे आमच्याकडच्या लग्नांचं झालं तेच. माझं मत बदललेलं नाही, पण वहीचं गणित कळलं. माझ्या वडिलांचं कर्ज सावकाराचं होतं. इथे निदान देणारा आणि घेणारा एकाच रांगेत बसतात. हा फरक मोठा आहे, तो मानतो.

सांजवेळ
मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. वर्षभर घरात ठेवतात म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या मनात आलं असेल आणि विचारायला संकोच वाटला असेल, म्हणून लिहिते. हल्ली तिथे फॉर्मॅलिन टोचतात. फॉर्मॅलिनमुळे शरीरातली प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधली जातात आणि ती कुजवणारे जिवाणूही मरतात. उती कडक होतात, मग वाळत जातात. आपल्याकडेही परदेशातून किंवा दूरच्या गावाहून विमानाने आणायचं असेल तेव्हा हेच करतात. पूर्वी ते पाला-वनस्पती वापरत आणि कापडाचे थरावर थर गुंडाळत. ते काम करणाऱ्याला वेगळं नाव आहे, 'तो मेबालुन', म्हणजे गुंडाळणारा. समाज त्याला दूर ठेवायचा. मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण आमच्या विभागात हे काम करणाऱ्या मामांचंही तेच. त्यांच्या हातून पाणी न पिणारे मी पाहिलेत. ते मामा प्रत्येक देहाचं तोंड झाकताना "येतो हां" म्हणायचे.

भटकभवानी
मी २०१८ ला मकास्सरहून रात्रीच्या बसने गेले होते, आठ-नऊ तास लागतात. समारंभ पाहिला नाही, थडगी पाहिली. त्यांच्याकडे जमिनीत पुरत नाहीत, कड्यात ठेवतात. लेमोला उभा कडा आहे, त्यात चौकोनी भोकं कोरलेली. एकेक भोक खोदायला महिनोन्महिने लागतात. आणि त्या कड्यालाच गॅलऱ्या, त्यात लाकडी माणसं ओळीने उभी. तौ-तौ. मेलेल्या माणसाची प्रतिमा, खऱ्या कापडाचे कपडे, पांढरे डोळे, एक तळवा मागणारा आणि एक आशीर्वाद देणारा. खाली भातखाचरं, आणि ही सगळी जुनी माणसं वरून शेताकडे बघत उभी. ऊन कलल्यावर मी तिथे एकटीच होते. आपल्याला कुणी न्याहाळतंय असं वाटतं, पण आजी-आजोबा न्याहाळतात तसं.

१९८० च्या दशकात यातले कित्येक तौ-तौ चोरीला गेले. परदेशी संग्राहकांना विकले. आपल्या आजोबांची मूर्ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभी आहे, ही कल्पनाच सहन होत नाही मला. आता काही गावांत ते गजांआड ठेवलेत.

आणि कांबिरा. दात यायच्या आधी गेलेलं बाळ तिथे झाडाच्या पोटात ठेवत. तारा नावाचं झाड, त्याला दुधासारखा पांढरा चीक. बुंध्यात कोनाडा खणून बाळ आत उभं ठेवायचं आणि वर ताडाच्या काथ्याची झडप. झाड बाळाला दूध पाजतं आणि ते झाडाबरोबर वाढतं. आता ही प्रथा बंद आहे, पण बुंध्यावरच्या काळ्या झडपा मी पाहिल्या. माझ्या बहिणीचं बाळ पंधरा दिवसांचं होऊन गेलं होतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

अबोली
भटकभवानी, शेवटचा परिच्छेद वाचून उठून गेले. परत आले.

कातळशिल्प
थोडं अवांतर. तौ-तौ कशाचे करतात? कुठेतरी फणसाचं लाकूड वाचलं होतं.

भटकभवानी
हो, मोठ्या घरच्यांचे फणसाचेच. वाटाड्याने आवर्जून सांगितलं होतं.

कातळशिल्प
मग बरोबर. आमच्या राजापूरच्या घराची दारं आणि खांब फणसाचे आहेत, पणजोबांच्या वेळचे. ताजं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षागणिक गडद होत मधासारखं तांबूस होतं. वाळवी सहसा धरत नाही. माणसाच्या अंगाच्या रंगाला त्याहून जवळचं लाकूड मला माहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
दगडाचं कोनीच नाही लिवलं अजून. तोराजात बोरी नावाच्या जागी मोठमोठे उभे दगड हायेत, शंभराच्या वर. मोठ्या मानसाच्या नावानं दगड उभा करत. मी भामरागडले मास्तर होतो. तिथं माडिया लोक गेलेल्या मानसाच्या नावानं दगड गाडतात. तिथल्या एका बुढ्यानं मले त्याच्या बापाचा दगड दाखवला आन त्याच्यावरून असा हात फिरवला जसा वासराच्या पाठीवरून फिरवते. आन आमच्या नागपूरजवळ जुनापानीले तर लोहयुगातली शिळावर्तुळं हायेत, शेकड्यानं. त्यायचं नाव सांगनारं आता कोनी नाही राह्यलं. तोराजाचं मले हेच आवडते. दगड बी हाये आन नाव सांगनारं मानूस बी हाये.

देवराई
मास्तर, सुंदर. माडियांच्या दगडांवर वेगळा धागा काढाच. वाट बघतो.

पाऊसवेडा
दर वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर ते व्हिडिओ फिरतात, मृतदेह बाहेर काढून कपडे घालतात ते. 'झोंबीचं गाव' असं लिहिलेलं असतं. ते हेच का?

जकार्तावासी
हेच, आणि तो शब्द वापरू नये अशी विनंती. बारा वर्षं जकार्तात राहतेय, माझी शेजारीण तोराजा आहे. तो व्हिडिओ तिच्या मुलाच्या वर्गात फिरला तेव्हा ती किती रडली ते मी पाहिलंय.

त्याला 'मानेने' म्हणतात. सगळीकडे करत नाहीत, डोंगरातल्या बारुप्पूसारख्या काही गावांत अजून नेमाने होतं. भाताची कापणी झाली की, साधारण ऑगस्टमध्ये, दोन-तीन वर्षांतून एकदा. थडगं उघडतात, पेटी बाहेर काढतात, देह उन्हाला ठेवतात, ब्रशने धूळ झाडतात, नवे कपडे घालतात. चश्मा लावणाऱ्याला चश्मा, सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेट. मग सगळं कुटुंब एकत्र फोटो काढतं. जन्मल्यापासून ज्यांनी आजोबा पाहिले नाहीत ती नातवंडं त्या दिवशी आजोबांना भेटतात. बारुप्पूची गोष्ट अशी सांगतात की एका शिकाऱ्याला रानात बेवारस मृतदेह सापडला. त्याने स्वतःचे कपडे त्याला घातले आणि नीट जागी ठेवलं. त्यानंतर त्याचं पीकपाणी वेळेआधी आणि भरभरून येऊ लागलं, म्हणून त्याने ही रीत घालून दिली. ज्याचं कुणी नाही त्याला आपले कपडे दिले, इथून हे सगळं सुरू होतं.

पाऊसवेडा
माफ करा. मी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता. ज्या गटांत पाठवला तिथे हा प्रतिसाद टाकतो.

अबोली
केतकीच्या मूळ प्रश्नाकडे येते. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, करोनाने. आठ दिवस आधी व्हिडिओ कॉलवर हात हलवला ते शेवटचं. लांबून एक पांढरी पिशवी दाखवली आणि सही घेतली. चेहरा नाही, अंगावर घालायला लुगडं नाही, तोंडात तुळशीपत्र नाही. तिची मोतिया रंगाची इरकल इस्त्री करून ठेवली होती मी, ती अजून तशीच कपाटात आहे. चार वर्षं झाली तरी सकाळी दाराची कडी वाजली की आधी तीच वाटते. म्हणजे माझ्या हिशेबात ती अजून गेलेलीच नाही. तोराजाचं वाचलं आणि वाटलं, जगात कुठेतरी माझ्या या अवस्थेला नाव आहे. आई 'आजारी' आहे.

केतकीबन
अबोली, तुला घट्ट मिठी. काय लिहू.

सगळ्यांचे मनापासून आभार. नानांचेही. त्यांचा मुद्दा वाचून मी दादाशी बोलले. तो म्हणाला, "मला रेडे नकोत, मला फक्त एक दिवस हवा होता." खाणकामगार, तुम्ही शेवटच्या प्रश्नावर लिहिणार होतात.

खाणकामगार
विसरलो नाही, दोन दिवस विचार करत होतो.

दुःख हलकं होतं का? मी एकाच घरात पाहिलं, तेवढ्यावरून सांगतो. चौदा महिन्यांत त्या घरात कुणी रडताना मला दिसलं नाही. आजीला काय आवडतं, काय नाही, यावर हसत बोलायचे. मला वाटलं, रडणं आता संपलं असेल. समारंभाच्या दिवशी मित्र पहाटेपासून धावपळीत होता, पाहुणे, जेवणं, हिशेब. पहिला रेडा आणला. घाव बसला, रेडा गुडघ्यावर आला. आणि हा माणूस, जो खाणीत कुणाला कधी हळवा झालेला दिसला नाही, आहे त्या जागी मटकन बसला आणि मोठ्याने रडू लागला. त्याच्या आईने हंबरडा फोडला. चौदा महिने थांबलेलं सगळं त्या एका क्षणी आलं. आजूबाजूचे पाचशे लोक थांबले, कुणी सावरायला घाई केली नाही.

म्हणून हलकं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते कधी येणार हे त्यांना माहीत होतं, आणि आलं तेव्हा घरातलं एकही माणूस वाटेत, विमानात किंवा विमानतळावर अडकलेलं नव्हतं. मलेशियातला त्याचा भाऊ शेजारी बसला होता. कॉफी करून नेणारी मावशीही तिथेच होती. नंतर सोरोवाकोला परत येताना तो गाडीत झोपला, आठ तास, मान टाकून. चौदा महिन्यांत त्याला इतकं शांत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

रोखठोक_नाना
वाचलं. दोनदा वाचलं.

केतकीबन
दादा वर्षश्राद्धाला येतोय, दोन दिवस आधी. बाबांची खोली मी अजून आवरलेली नाही. लोक म्हणतात आवर, पलंग उभा कर. चश्मा खिडकीत आहे, पंचांगात खूण घातलेलं पान तसंच आहे. दादा आल्यावर आम्ही दोघं त्या खोलीत बसणार आहोत, चहा घेऊन. तीन कप.

खाणकामगार, एक विचारायचं राहिलं. तुम्ही आजीच्या खोलीत गेलात तेव्हा उंबऱ्यावर काय म्हणायचं असतं? तिकडे काहीतरी म्हणत असतील ना?

खाणकामगार
म्हणतात. 'ताबे.' दक्षिण सुलावेसीत सगळीकडे चालतो हा शब्द, 'जरा येऊ का, जाऊ का' अशा अर्थाचा. वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना उजवा हात गुडघ्याच्या दिशेने खाली न्यायचा, थोडं वाकायचं आणि म्हणायचं. आजीकडे जाताना मित्र म्हणाला, "ताबे, नेने." निघतानाही तेच. आणि पाठ न वळवता दोन पावलं मागे येऊन मगच वळला.